बाईच्या विहिरीतलं तांबं

आमच्या घरात ही गोष्ट मीच सांगतो. दुसऱ्या कुणी सांगितली तर ती अधिक खरी होते, आणि ते मला परवडत नाही. मी सांगितली म्हणजे निदान थोडी मठारली जाते. मठारणं म्हणजे घडवलेल्या भांड्यावर हातोडीचे हलके ठोके देऊन त्याला चकाकी आणणं. आम्हा तांबटांचं ते पिढीजात काम, आणि स्वतःच्या मूर्खपणावर ते मी बऱ्याच वेळा केलेलं आहे.

कापसाच्या दिवसांतली ही हकिकत. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत आपसांत लढाई जुंपली, विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि त्याचा परिणाम असा झाला की अमरावतीला आमच्या गल्लीतला ठोक्यांचा आवाज सणावारीही थांबेना. ज्याच्याकडे काळी जमीन त्याच्याकडे कापूस, आणि ज्याच्याकडे कापूस त्याला तांब्याची भांडी हवीत. परतवाड्याकडच्या एका पाटलानं माझ्याकडून इतकं मोठं घंगाळ करवून घेतलं की ते त्याच्या न्हाणीच्या दारातून आत जाईना. त्यानं दार फोडलं नाही, घंगाळही परत केलं नाही. ते अंगणात ठेवलं आणि सगळा गाव बघेल अशा बेतानं रोज आंघोळ करू लागला.

अडचण एकच, पत्र्याची. तांब्याचा पत्रा जहाजानं विलायतेहून मुंबईला यायचा आणि तिथून बैलगाडीनं आमच्याकडे. आगगाडी अजून वऱ्हाडात पोचली नव्हती. बडनेऱ्याकडे तिच्यासाठी नुसते मातीचे भराव पडत होते. गाडीवाले कापूस घेऊन जात आणि परतताना गाडी रिकामीच पळवत आणत, कारण इथे पुढचा कापूस भरायला तयार असे. माझ्या जड पत्र्यासाठी कोण आपले बैल थकवणार? गिऱ्हाईक दारात आणि मी ऐरणीपुढे रिकामा बसलेलो, असे दिवसच्या दिवस जात. अशा रिकाम्या माणसाच्या डोक्यात काय शिरेल याचा नेम नसतो.

माझी थोरली बहीण, जिला आम्ही सगळे बाई म्हणतो, तिच्या घरीही तांबटकीच होती. पण भाऊजींच्या मनात कापूस शिरला. त्यांनी हातोडी खुंटीला लावली, मोर्शीच्या वाटेवर काळी जमीन घेतली, शेतातच घर बांधलं आणि बाईला तिथे नेऊन ठेवलं. जमीन अशी की बी फेकलं तर रोप उगवून वर हात जोडेल. फक्त पाणी नव्हतं. बाई रोज सकाळी आणि पुन्हा उन्हं उतरताना कोसभर लांबच्या ओढ्यावर जायची. पहिल्या वर्षी ती काही बोलली नाही. दुसऱ्या वर्षी होळीच्या आधीच ओढ्याच्या वाळूत झिरा खणून वाटीनं पाणी भरायची पाळी आली, तेव्हा ती भाऊजींना म्हणाली, "या उन्हाळ्यात विहीर लागली तर ठीक. नाई त मी अमरावतीले मह्या भावाच्या घरी जाऊन राहीन. तुमी अन् तुमचा कापूस बसा एकमेकाचं तोंड पाहत."

यातली भावाच्या घरी येण्याची धमकी मला जास्त लागली. बाई आमच्याकडे येऊन राहिली तर माझ्या बायकोचं आणि तिचं इतकं जमतं की मग त्या घरात माझं काही चालत नाही.

भाऊजींनी होळीनंतर विहीर खणणारे वडार आणले. त्यांचा मुखिया पन्नाशीचा, बोलायला मोजका, हातात कायम पहार. त्या वर्षी असे लोक मिळणंच कठीण होतं, कारण आगगाडीच्या भरावावर जास्त मजुरी मिळे आणि तिकडचे मुकादम गावोगाव माणसं गोळा करत फिरत. भाऊजींनी त्या मुखियाला कसंबसं धरून ठेवलं होतं. चैत्रात मी बाईला भेटायला गेलो तेव्हा विहीर सहा-सात पुरुष खोल गेली होती आणि पाण्याचा पत्ता नव्हता. भेट म्हणून मी स्वतः घडवलेला पाण्याचा गुंड नेला होता. बाईनं तो उन्हात फिरवून पाहिला.

"सुंदर केला रे. आता याच्यात भरू काय?"

मी विहिरीकडे निघून गेलो.

विहिरीच्या काठावर काढलेल्या दगडांचा ढीग होता. त्यातला एक फुटका काळा दगड मी उचलला आणि उन्हात धरला. दगडात लहान लहान पोकळ्या होत्या आणि प्रत्येक पोकळीत हिरवं काही भरलेलं होतं. गर्द, ओलसर, मऊ. नखानं खरवडलं तर बोटाला लागलं.

आता तांबटाच्या पोरानं हिरवं पाहिलं की त्याला काय वाटणार? आमच्या घरात लहानपणापासून मार खाल्ला तो या हिरव्यासाठीच. भांडं ओलं ठेवलं, चिंच-राखेनं नीट घासलं नाही, की दुसऱ्या दिवशी त्यावर हिरवा जंगाल चढलेला आणि वडलांचा हात आमच्या पाठीवर चढलेला. जिथे जंगाल तिथे खाली तांबं, हे आम्हाला ‘श्रीगणेशा’च्या आधी कळलेलं. दगडावर जंगाल म्हणजे दगडात तांबं. इतकं सरळ!

मी भाऊजींना हाक मारली. दुसरा कुणी शेतकरी असता तर म्हणाला असता, दगड टाक आणि जेवायला चल. पण भाऊजी माणूस शेतकरी झाला तरी बोटं तांबटाचीच. त्यांनीही नखानं खरवडलं, वास घेतला, जिभेला लावलं. मग इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "कोनाले सांगू नको."

म्हणजे दोन तांबट एका दगडावर बसले आणि दोघांनाही एकाच वेळी एकच मूर्खपणा सुचला. दुपारपर्यंत आमची खाण तयार होती. विलायतेच्या जहाजाची वाट पाहायची नाही, गाडीवाल्याच्या पाया पडायचं नाही. विहिरीतून दगड काढायचा, इथेच भट्टीत वितळवायचा, इथेच पत्रा ठोकायचा. भट्टीला कोळसा लागेल म्हणून मी बांधावरची झाडं पाहून घेतली. दोन कडुनिंब, एक मोठी चिंच आणि बाभळी. बाभळीचा कोळसा चांगला. मी बसल्या जागी ती सगळी झाडं मनात तोडूनही टाकली.

मुखियाला सांगितलं, काम थांबवा. हिरवा थर फोडायचा नाही, चुरा होईल. आधी जाणता माणूस आणून दाखवतो.

तो म्हणाला, "थांबतो. पन बसून खानं आमाले जमत नाई, मालक. चार दिवस. पाचव्या दिवशी आमी बडनेऱ्याले जाऊन राहिलो."

बाई दारात उभी राहून हे ऐकत होती. डोक्यावर चुंबळ, कमरेवर रिकामी घागर, ओढ्यावर निघालेली. ती म्हणाली, "काहून थांबवलं?"

मी तिला दगड दाखवला, जंगाल दाखवला, सगळं समजावून सांगितलं. मी समजावून सांगतो तेव्हा फार चांगलं सांगतो. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हे लोक गेले त या उन्हाळ्यात दुसरे भेटतीन का?"

"नाही भेटणार बहुधा. पण बाई, तांबं..."

"मी तांबं पिऊ?" असं म्हणून ती ओढ्याकडे चालू लागली. त्या दिवशी तिच्या पाठमोऱ्या चालण्याकडे पाहून मला शहाणपण सुचायला हवं होतं. सुचलं नाही. मी गाडी जुंपली.

जाणता माणूस म्हणजे आमचे कल्हईवाले चाचा. अमरावतीत माझ्या दुकानापुढेच त्यांची भट्टी असे. आम्ही भांडं घडवायचं आणि त्यांनी त्याला आतून कथलाचा मुलामा द्यायचा, असा पंधरा वर्षांचा शेजार. ते मूळचे राजपुतान्याकडचे. तिकडे डोंगरात तांब्याच्या जुन्या खाणी आहेत आणि चाचांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या भट्टीचं काम, एवढं मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्यापुढे दगड ठेवला, तर त्यांनी तो हातात न घेताच चष्म्यावरून पाहिला.

"येतो," म्हणाले. "गाडीत बसून जायचं आहे ना? मग येतो. दगड तिथंच पाहू."

त्यांना नंतर विचारलं की तुम्हाला तेव्हाच कळलं होतं का. ते म्हणाले, "थोडं थोडं. पण बहुत दिवसांत कोणी गाडीत बसवून नेलं नव्हतं."

दुपार कलल्यावर निघालो. वाटेवर कापसाच्या गाड्यांची रांग आणि दोन्ही बाजूंच्या बाभळींना अडकलेले कापसाचे पुंजके. चाचा मजेत होते. मी त्यांना खाणीबद्दल विचारत होतो, अर्थात माझ्या खाणीची तयारी म्हणून.

ते सांगू लागले. डोंगराच्या पोटात माणूस रांगत जाईल एवढ्याच वाटा. डोक्याला दिवा बांधायचा. दगड फार कठीण असला तर संध्याकाळी त्याला लाकडं लावून जाळ करून यायचं. सकाळी दगड तडकलेला असतो, मग छिन्नीनं फोडायचा. बायका टोपल्यांनी बाहेर आणत. मग त्याचा चुरा, चुऱ्याचे शेणात कालवलेले गोळे, ते भाजायचे, मग भट्टीत कोळशाबरोबर घालून दिवसभर भाता मारायचा. पुन्हा भाजायचे, पुन्हा वितळवायचे. "तेव्हा कुठं मुठीएवढा तांबडा तुकडा खाली बसतो. अब्बा तो तुकडा आमच्या हातात द्यायचे. लहान पोराला गूळ देतात तसा."

"मग सोडलं कशाला?"

"आम्ही नाही सोडलं. तुझ्या पत्र्यानं सोडवलं, बेटा. विलायतेचं तांबं जहाजातून यायला लागलं, आमच्यापेक्षा स्वस्त, वर सपाट आणि चकचकीत. भट्ट्या एकेक करून थंड झाल्या. मी कथील घेऊन इकडं आलो."

मी जरा ओशाळलो. ज्या पत्र्यानं त्यांचं घर उठवलं त्यावरच मी माझं चालवत होतो, आणि तो वेळेवर येत नाही म्हणून कुरकुरतही होतो. पण चाचांच्या बोलण्यात राग नव्हता. पुढे एक गर्द आमराई आली तेव्हा ते गाडीतून वाकून किती तरी वेळ झाडांकडे पाहत राहिले.

"आमच्या गावी हे नव्हतं," ते म्हणाले. "जिथवर नजर जाईल तिथवर झाड नाही. सगळी भट्टीनं खाल्ली. पुढं कोळसा इतका लांबून आणावा लागे की उंटाचा चारा कोळशापेक्षा महाग पडे. धुराला गंधकाचा वास. वारा ज्या शेताकडं, ते शेत त्या साली गेलं. आणि ओढ्याचं पाणी निळं, मोरचुदासारखं. फार देखणं. त्यातून जनावर पाणी पीत नसे आणि त्यात मासा राहत नसे. अम्मी पाण्याला दुसऱ्या गावी जायची."

"किती लांब?"

"लहान होतो. मला वाटायचं, अम्मी सकाळी जाते ती दुसऱ्या मुलखात जाते."

नंतर मी खाणीबद्दल फारसं विचारलं नाही. पण मनातून खाण गेली होती असं मात्र नाही. तेवढा शहाणा असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती.

चाचांच्या गुडघ्यांसाठी वाटेत दोन मुक्काम केले आणि काम थांबवल्यापासून चौथ्या दिवशी दुपारी पोचलो. अंगणात जाऊन पाहतो तर वडारांचं सामान गाढवांवर चढत होतं. बडनेऱ्याचा मुकादम आदल्या दिवशी येऊन गेला होता आणि वडारांतले दोन जवान गडी त्याच्याबरोबर गेलेही होते. मुखिया म्हणाला, "चार दिवस म्हनलं होतं, माहा शब्द मोडत नाई. उद्या सकाळपावतर आहो. पन तुमी काय ते आज बोला."

बाई चुलीपुढे होती. तिनं चाचांना पाणी दिलं, अर्धा लोटा. पाहुण्याला अर्धा लोटा पाणी देताना तिची मान खाली गेली, ते मी पाहिलं.

चाचांनी अंगणात छोटी शेगडी पेटवली आणि भाता जोडला. मला म्हणाले, एखादं जुनं, न घासलेलं भांडं आण. भाऊजींनी माळ्यावरून कळकलेला तांब्या आणला. चाचांनी त्यावरचा जंगाल खरवडला, चिमूटभर मिठात मिसळला आणि निखाऱ्यावर टाकून भाता मारला. जाळ एकदम हिरवा-निळा झाला, मोराच्या मानेसारखा. वडारांच्या बायकाही काम टाकून पाहायला आल्या.

हे मला नवीन नव्हतं. आमच्या भट्टीत तांबं लाल करताना जाळाला हा रंग येतो, रोज पाहतो. चार दिवस विहीर बंद पाडण्याऐवजी मी ही परीक्षा स्वतः घेऊ शकलो असतो. पण परीक्षा घेतली की निकालही लागतो ना!

मग त्यांनी आमच्या दगडातलं हिरवं कुटलं, मीठ मिसळलं आणि टाकलं. जाळ पिवळा.

"पुन्हा टाका," मी म्हणालो.

पुन्हा पिवळा.

"मीठ कमी पडलं असेल."

बाई आत गेली आणि मिठाचं मडकंच आणून तिनं माझ्यापुढे ठेवलं. "घे. पुरते का पाह. का मोर्शीहून आनू?"

जाळ काही हिरवा होईना. भाऊजी दुसरीकडे पाहू लागले, जणू ते या शेताचे मालकच नव्हते. मी म्हणालो, एकदा पुरती भट्टी लावून पाहू, मुशीत वितळवून. कदाचित तांबं खोल असेल, वर फक्त...

"बेटा," चाचा म्हणाले, "भट्टी लावू म्हणशील तर लावतो. मला येतं. पण ही मातीच हिरवी आहे. हिच्यानं बाईच्या घराची भिंत रंगव, छान दिसेल. भट्टीत हिची काळी काच होईल. दोन दिवस लागतील. ते दोन दिवस कोणाचे?"

बाईकडे बघायची माझी हिंमत नव्हती. मी मुखियाकडे गेलो आणि म्हणालो, थर फोडा.

"फोडू," तो म्हणाला. "पन दोन मानसं कमी हायत. वर टोपल्या कोन ओढन?"

"भाऊजी ओढतील."

"अन् खाली?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. ऐरणीवर जन्म गेलेल्याला पहार काय जड, असा माझाही समज होता, म्हणून मी दोराला धरून खाली उतरलो. तांबटाची हातोडी बसून मारायची असते आणि तिला सवय असते हलक्या ठोक्यांची. पहार तशी नसते, हे मला पहिल्या घटकेतच कळलं. मुखिया एका दमात जेवढं फोडी तेवढं फोडायला मला दुपार लागे. वर काठावरून वडारांच्या बायका मला पाहून आपल्या भाषेत काही बोलत आणि हसत. मी अर्थ विचारला नाही. चाचा बाभळीच्या सावलीत बसून बाईच्या सगळ्या भांड्यांना कल्हई करून देत होते आणि मधूनमधून वरून विचारत, "तांबं लागलं का?"

तिसऱ्या दिवशी सकाळी हिरव्या थराच्या खालच्या अंगाला पहार घातली आणि ती अर्धी आत गेली. दगड भुसभुशीत होता, भिजलेल्या भाकरीसारखा. पहार बाहेर ओढली तर टोक ओलं. आधी घामासारखे थेंब आले, मग बोटाएवढी धार, आणि मग मुखियानं मला बाजूला ढकलून दोन घाव असे घातले की गुडघ्यापर्यंत थंडगार पाणी चढू लागलं. मी इतका ओरडलो की वर भाऊजींना वाटलं दरड पडली.

वर आल्यावर मी मुखियाला म्हटलं, नशीब आपलं, पाणी हिरव्या थरातच निघालं.

"नशीब काहून? सडका हिरवा थर आला म्हंजे पानी जवळच हाय. आमच्या पोराटोराइले ठाऊक हाय."

"मग चार दिवस बोलला का नाहीत?"

"तुमी तांबट मानसं. तुमी तांब्याचं बोलून राहिले होते. पान्याचं मले कोनी इचारलंच नाई."

दुसऱ्या दिवशी पाणी निवळलं. नारळ फोडला. आमच्याकडे नव्या विहिरीत तांब्याचा पैसा टाकायची रीत आहे. बाईनं तो माझ्याच हातात दिला. "टाक. म्हंजे तुहा शब्द खोटा नाई होनार." सगळे हसले, चाचा तर खोकला येईपर्यंत. पहिला लोटा बाईनं त्यांना दिला, काठोकाठ भरून. त्यांनी तो एका दमात संपवला, मिशा पुसल्या आणि पुन्हा पुढे केला.

मग बाईनं पाणी शेंदायला जे घेतलं ते थांबेचना. गुंड भरला, घागरी भरल्या, रांजण भरला. मग नुकती कल्हई केलेली पातेली, परात, तपेलं, दिसेल ते भरत सुटली. भाऊजी म्हणाले, अगं विहीर कुठं पळून जात नाही. ती ऐकेना. घरात पाय ठेवायला जागा राहिली नाही तेव्हा थांबली.

उन्हं उतरली. तिची ओढ्यावर जायची वेळ झाली. ती सवयीनं उठली, चुंबळ हातात घेतली, आणि मग तशीच पुन्हा ओट्यावर बसली. मी शेजारी बसून तळहाताच्या फोडांना तूप चोळत होतो. तिनं माझा हात ओढून घेतला आणि बडबडत स्वतः चोळू लागली, की तुझ्या बायकोनं हे पाहिलं तर मलाच बोलेल, की तूप इतकं घेतात का, की जेवायला थांब, पुरणपोळी करते. आता पाणी भरपूर होतं.